दिवटी धरायला ये

सोलापूर

चि. ओंकार,

सागरच्या लग्नपत्रिकेत ‘गोंधळ’ वाचून तू विचारलंस, आत्या, गडबडीचं आमंत्रण कसं देतात? तुमच्या इंग्रजीतल्या ‘बिविल्डर’चा मूळ अर्थ रानात वाट चुकवणं, हेही तूच सांगितलंस. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

अरे, आपल्यात लग्न झालं की कुलदेवीचा गोंधळ घालतात. तांदळाचा चौक भरायचा, कलश मांडायचा, भोवती पाच ऊस उभे करायचे. मग संबळ घुमतो आणि गोंधळी एकेका देवाला हाक मारतात: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. सगळ्यांनी गोंधळाला यायचं. लांबून ऐकणाऱ्याला तो नुसता गलका वाटणार. मला वाटतं, तिथूनच शब्द गडबडीला चिकटला. मांडवातल्या बायकांना मात्र कुणानंतर कुणाला हाक, हे पाठ असतं. तुमचा माणूस रानात एकटा हरवतो, आपल्या गोंधळात सगळे देव गोळा होतात.

गोंधळ आहे फार जुना. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त ‘गोंडली’ नृत्य आहे. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आपल्या शेजारचं बसवकल्याण. गोंधळी परशुरामाची कथा सांगतात: बेटासुराला मारून त्याच्या शिराचं वाद्य केलं आणि आई रेणुकेपुढे वाजवलं.

तुझ्या बाबाच्या लग्नातला गोंधळ कुठल्या साली झाला, आठवत नाही. दिवटी आठवते. गोंधळ्यानं ती माझ्या हातात दिली. आमचे आण्णा पळीनं तेल घालत होते, काकडा चरचरत होता, काजळी नाकातोंडात. मनगटावर तेल उडालं तरी मी सोडली नाही. गोंधळ्यांचा नाईक आख्यान लावी, साथीदार मध्येच वेड पांघरून काहीबाही विचारी, मांडव पहाटेपर्यंत हलला नाही. आरतीला आण्णा रडले. त्यांना देवीपुढे रडताना मी तेवढंच पाहिलं.

आता हॉलवाले दहाला आवरा म्हणतात आणि लोक तासाभरात गोंधळ उरकतात. मला ते सोसत नाही. सागरचा गोंधळ अंगणातच घालायचा, हे मी सांगून टाकलंय.

तिकडे मराठी बोलायला कुणी नसेल तर हे पत्र मोठ्यानं वाच. जेवण वेळेवर करत जा. शेंगाचटणी संपली असेल तर कळव.

तिकीट लवकर काढ. दिवटी धरायला घरचं माणूस लागतं, गोंधळ्यांना मी तुझं नाव सांगितलंय.

तुझी आत्या