टीव्ही पुसताना, घरात लहान मूल असेल तर...



आमच्या टीव्हीच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पांढुरका डाग आहे. टीव्ही बंद असला की लगेच दिसतो. तो माझ्याच हातून पडला. पण आज लिहितेय ते त्याच्या दुसऱ्या दिवशी जे घडता घडता राहिलं, त्याबद्दल.

२०२० च्या जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली तेव्हा शाळा बंद होत्या. मोठ्याला घरी बसून ती बघता यावी म्हणून आम्ही ३२ इंची एलईडी टीव्ही घेतला. आमचं डाळज म्हणजे पुणे-सोलापूर हायवेच्या कडेचं गाव. त्यात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर सुरू झाले की दोन दिवसांत पडद्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. आणि धाकटी आता चार वर्षांची. मोबाईलच्या सवयीने तिला टीव्हीसुद्धा बोटाने सरकवायचा असतो, आणि बोटं कायम तुपाची नाहीतर गुळाची!

एका रविवारी मी खिडकीच्या काचा पुसत होते. हातात काचेचा स्प्रे होताच, तो सरळ टीव्हीवर मारला आणि जुन्या पेपरने घासला. आमच्या लहानपणीचा टीव्ही असाच तर पुसायचो. पण त्या डबा टीव्हीला पुढे जाड काच होती. आताच्या बहुतेक टीव्हींना काच नसतेच, वर प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी कमी करणारा थर. अमोनिया किंवा स्पिरिट असलेल्या द्रावणाने तो खराब होतो, कागदाने ओरखडे पडतात. सॅनिटायझरही नकोच. शिवाय थेट फवारलेलं पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि बऱ्याच टीव्हींत पडद्याच्या जोडण्या नेमक्या तिथेच असतात.

दुसऱ्या दिवशी मी चपात्या लाटत होते. बाहेरच्या खोलीत स्टूल ओढल्याचा आवाज आला. "आई, मी पण टीव्ही पुसते!" जाऊन बघते तर ही स्टुलावर उभी. एका हातात तोच स्प्रे, मीच खिडकीत विसरलेला. दुसऱ्या हाताने टीव्हीची वरची कड धरलेली आणि टीव्ही पुढे कललेला. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी झटकन टीव्ही धरला म्हणून निभावलं. चार-पाच किलोचं धूड दोन बारीक पायांवर उभं असतं हो. मुलाने वरून ओढलं की सहज अंगावर येतं.

आधी मी तिलाच रागावले. रात्री मनात आलं, तिचं काय चुकलं? कालच्या आईची नक्कल तर केली. माझ्या वर्गातली पहिलीची पोरं 'बाई-बाई' खेळताना माझ्यासारखा चष्मा वर सरकवतात, डोळ्यावर चष्मा नसला तरी.

त्याच आठवड्यात ह्यांनी टीव्ही भिंतीला पक्का केला. भिंतीवर लावणं जमत नसेल तर मागून पट्ट्याने बांधून घ्या, पण मोकळा ठेवू नका. टीव्हीवर किंवा वरच्या फळीवर रिमोट, खेळणी ठेवणंही आम्ही बंद केलं, कारण त्यासाठीच मुलं चढतात.

पुसायची पद्धतही बदलली. रिमोटने बंद करून भागत नाही, बोर्डातला प्लग काढायचा आणि पडदा थंड होऊ द्यायचा. मग कोरडं मायक्रोफायबर फडकं, अगदी हलक्या हाताने. दाबलं तर आतला पडदा बिघडू शकतो. तेलकट बोटं उठली असतील तर फडकं किंचित ओलं करून घट्ट पिळायचं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात, म्हणून मी जारचं आरओ पाणी घेते. डिस्टिल्ड वॉटर उत्तम, पण ते नाव लिहिलेली सीलबंद बाटलीच आणा. गॅरेजमधून सुट्ट्या कॅनमधलं बॅटरीचं पाणी आणू नका, तिथे ॲसिडचे कॅनही तसेच दिसतात. आणि काहीही झालं तरी असं द्रावण कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. पडदा पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

धाकटीला आता तिचं स्वतःचं कोरडं फडकं आहे. ती खालचा कप्पा पुसते आणि रिमोट पुसते, सेल मी आधी काढून घेते. काही छोट्या रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो, त्याच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना ते आजच बघा. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजतं. नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा, उलटी करवत बसायचं नाही.

परवा फडकं हातात घेऊन ती त्या डागाकडे बघत होती.

"आई, हा तू केलास ना?"

हो म्हणाले.