कऱ्हाडचा ऱ आणि परका ल

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

वाचनालयातल्या सहाही संगणकांवर लिनक्स बसवून झालं. शेवटचा आटोपेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजले. उद्या विंडोज १० ची मुदत संपते. नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद. आमची यंत्रं २०१४ ची. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची सोय त्यांच्यात नाही, प्रोसेसरही त्या विंडोजच्या यादीत बसत नाही. चांगली चालती यंत्रं भंगारात घालायला माझं मन घेईना. शाळेच्या प्रयोगशाळेत मी पंधरा वर्षं मुलांना लिनक्सवरच शिकवलं, म्हणून समितीनं हे काम माझ्याकडे दिलं.

ग्रंथपाल माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, “बाई, तुम्ही सांगताय म्हणून करतोय. पण भरतीचे फॉर्म अडले तर पोरं मला धरतील.” त्याची भीती रास्त आहे.

आमच्या दाराशी सुतळीनं बांधलेली एक सूचनावही आहे. अमुक पुस्तक मागवावे, मधला पंखा आवाज करतो, असं लोक तिच्यात वर्षानुवर्षं लिहीत आलेत. तशीच दुसरी वही आज संगणकांच्या टेबलाला बांधली. रकाने तीनच आखले: काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ‘उपाय’ हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. अडचण सांगणारा सहसा चुकत नाही, पण तिचा उपाय दुसरीकडेच कुठेतरी असतो, हे वर्गात शिकवताना फार वेळा पाहिलंय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. सकाळी शाळेची मुलं येऊन गेली, दुपारनंतर संगणकांवर गर्दी. संध्याकाळपर्यंत वहीची दोन पानं भरली.

‘खिडकी खाली लपवायचं बटण सापडत नाही.’ हे तिघांनी लिहिलंय. एका यंत्रावर मी चाचणीसाठी ग्नोम हा डेस्कटॉप ठेवला होता. तिथं कोपऱ्यात फक्त फुली असते. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा ही बटणं मुळातच काढून टाकली. करणाऱ्यांच्या मनात त्यामागं विचार होता, पण वापरणाऱ्यांचे हात वर्षानुवर्षं त्याच जागी जात होते. त्या बदलावर नाराज झालेल्यांनी नुसत्या तक्रारी केल्या नाहीत. मेट आणि सिनॅमन असे दोन वेगळे डेस्कटॉप उभे राहिले आणि आजही चालू आहेत. त्या यंत्रावर मी संध्याकाळीच सिनॅमन टाकलं.

दुसरी सूचना जास्त गंभीर. अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलानं पेनड्राइव्हवर फाइल घेतली, पट्टी शंभर टक्के भरली, म्हणून त्यानं पेनड्राइव्ह ओढला. घरी जाऊन पाहतो तर फाइल अर्धवट. त्याचं शेवटच्या रकान्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवते: ‘झालं नव्हतं तरी झालं म्हणून सांगितलं.’ कारण मला ठाऊक होतं. लिनक्स आधी सगळं मेमरीत गोळा करतं आणि पेनड्राइव्हच्या संथ चालीनं मागाहून तिथं उतरवतं. पट्टी पहिल्या कामाची असते, दुसऱ्याची नसते. यंत्र मोकळं लवकर होतं, हा फायदा खरा. पण त्या मुलाचा अर्ज दुसऱ्या दिवशी जायचा होता. “आधी ‘बाहेर काढा’ दाबायला हवं होतंस,” असं मी त्याला म्हणाले आणि म्हणता म्हणता माझं मलाच ते पटेना. पट्टीनं खरं सांगितलं असतं तर त्यानं दोन मिनिटं थांबून घेतलं असतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रात्री जुन्या टिपणांच्या वह्या काढल्या. २००९ साली उबुंटू हे लिनक्स करणाऱ्यांनी शंभर बारीक दोष निवडून काढायचं ठरवलं होतं. कोरा कागद हाताळताना त्याची कड बोटाला कापते, जखम दिसतसुद्धा नाही पण दिवसभर चुरचुरते, तसे दोष. अटी दोन: नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बोचणारा असावा आणि दुरुस्तीला सोपा असावा. मला ही कल्पना तेव्हाही फार आवडली होती. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी वापरणाऱ्यांच्या कल्पना मागवून त्यांवर मतं घ्यायला सुरुवात केली होती. ती सोय २०१३ मध्ये बंद झाली. मतांनी कल्पना वर चढते, तरी ती करायला घेणारा माणूस शेवटी कुणीतरी एक लागतोच. बारीक दोषांचं काम हाताशी धरता येतं, म्हणून माझा कल तिकडेच.

लिनक्सचा जन्मच मुळात सूचना मागून झाला. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्यानं मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांना विचारलं होतं, की तुम्हाला काय हवंय ते सांगा. सगळं करीनच असं मात्र वचन देत नाही. चौतीस वर्षांनी कृष्णाकाठच्या एका वाचनालयातली वही त्याच प्रश्नाचं उत्तर लिहितेय, असं मला मनापासून वाटतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. दिवाळी अंकांचे गठ्ठे आले आहेत, ग्रंथपाल नोंदी करण्यात बुडालाय. एक मुलगी रडवेली होऊन आली. “बाई, माझ्या गावाचंच नाव लिहिता येत नाही.”

पाहिलं तर अर्जावर ‘कर्हाड’. र ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. ती इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा कळफलक वापरत होती. तिनं र, मग पाय मोडायची कळ, मग ह असं रीतसर केलं होतं, आणि देवनागरीच्या सर्वसाधारण नियमानं र चा रफार झाला. मराठीत मात्र दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड यांना आडवा ऱ लागतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ मिळतो, मग त्याचा पाय मोडायचा. तिला दाखवलं, तिनं चार वेळा ‘कऱ्हाड’ लिहिलं आणि हसत गेली.

पण गोष्ट इथं संपत नाही. आमच्या पुस्तकसूचीत ‘कऱ्हाड’ शोधलं तर निम्मीच पुस्तकं सापडली. हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला. दुसऱ्यात साधा र, त्याचा मोडलेला पाय आणि पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी एकसारखे. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. सूची दोन माणसांनी दोन कळफलकांवर केली, म्हणून एकाच गावाची पुस्तकं दोन गावांत वाटली गेली. वहीत मी स्वतः लिहिलं: ‘शोधताना दोन्ही ऱ एकच धरावेत.’ मराठीपुरती ही सूचना फार लहान नाही. आडनावांत, गावांत, अनेकवचनांत, सगळीकडे हा ऱ आहे.

अशा सूचना पोचतात, याचा पुरावा कळफलकावरच आहे. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, ५.१ आवृत्तीत, मराठीच्या गरजेसाठी. त्याआधी लोक अ वर चंद्र चिकटवत किंवा ऍ वापरत.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. दोन माणसं आली, दोघांनीही वहीला हात लावला नाही. दोघांचं मी लिहून घेतलं.

पहिले पेटी शिकवणारे गुरुजी. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारा ऑर्का हा प्रोग्राम त्यांच्यासाठी चालू केला. विंडोजच्या खुणेची कळ, आल्ट आणि एस एकत्र दाबले की तो बोलू लागतो. आवाज हिंदीवर राहिला होता. गुरुजी दहा मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, “बाई, हा ‘चाक’ला ‘च्याक’ म्हणतो. शब्द कळतो, पण माझा कान तिथंच अडतो आणि पुढचं वाक्य निसटतं.” आवाज मराठीवर आणला, तेव्हा ऐकत बसले. आपल्याला एकट्याला येऊन संगणक सुरू करता यावा, ही त्यांची मागणी. कुणीतरी कळा दाबून दिल्यावर मिळणारं वाचन त्यांना नको आहे. पासवर्डच्या पडद्यावरच मराठीत ‘बोलू का?’ असं विचारावं, असं त्यांनी सांगितलं. मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं.

दुसरे आप्पा. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांची उभी हयात गेली. ते दिवाळी अंक न्यायला आले होते, संगणकाशी काही काम नव्हतं. उभ्याउभ्या पडद्याकडे पाहिलं, चष्मा सरकवला.

“बाई, हा ल परका आहे.”

“परका म्हणजे?”

“आमच्या खिळ्यांच्या केसमध्ये हा नव्हता. असला ल हिंदीच्या कामाला यायचा. आणि श पण बघा.”

मी चाळीस वर्षं फळ्यावर ल लिहिला आणि सात दिवस या पडद्यासमोर बसून मला तो दिसला नव्हता. उजव्या अंगाला उभा दंड असलेला ल हिंदीतला. आपला ल दोन पाकळ्यांचा. पाठ्यपुस्तकात मुलं तोच गिरवतात.

१९ ऑक्टोबर, रात्री

मूळ सापडलं. लोहित देवनागरीसारख्या फॉण्टमध्ये दोन्ही ल आहेत, दोन्ही श आहेत. (हा फॉण्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला, लोहित म्हणजे तांबडा.) मजकूर मराठी आहे असं फॉण्टला कळलं तर तो पाकळ्यांचा ल पुढं करतो. पण त्याला हे सांगायचं कुणी?

मी बसवताना यंत्रानं एकच भाषा विचारली होती. भरतीचे फॉर्म आणि बँकेची कामं इंग्रजीतून चालतात, म्हणून मी इंग्रजी निवडली. आता अक्षरं मांडणारा पँगो हा घटक देवनागरी पाहतो, यंत्राची भाषा इंग्रजी पाहतो, आणि इंग्रजी काही देवनागरीत लिहीत नाहीत म्हणून ठरलेला अंदाज करतो: देवनागरी म्हणजे हिंदी. यात कुणाचा दुष्टपणा नाही. सगळ्यात जास्त लोकांची भाषा धरली, इतकंच. पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

पँगोला सांगायची सोय आहे, एका ओळीची. तीत इंग्रजी आणि मराठी अशा भाषांची यादी देता येते. मात्र ती पँगोपुरतीच. लिबरऑफिसला मराठी वेगळी सांगावी लागते, त्याच्या स्वतःच्या खिडकीत. ब्राउझर प्रत्येक पानावरची भाषेची खूण पाहतो. बोलणाऱ्या आवाजाला आणखी निराळं. एकच गोष्ट चार दारांवर जाऊन सांगायची, आणि चौथं दार आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

वही पुन्हा वाचली. ऱ, ल, च, गुरुजींचा पासवर्डचा पडदा. तीन माणसांनी चार गोष्टी सांगितल्या, पण त्यांतल्या तीन एकाच जागी येऊन थांबतात. बसवतानाचा प्रश्न ‘तुमची भाषा कोणती?’ असा आहे. तो ‘तुम्ही कोणकोणत्या भाषा वाचता, लिहिता, ऐकता?’ असा हवा. कऱ्हाडच्या बाजारात कुठलाही माणूस दिवसात तीन भाषांतून जातो. एकदा विचारावं, आणि कळफलक, फॉण्ट, आवाज, शब्दतपासणी यांनी तेच उत्तर वापरावं.

ऱ च्या शोधाचं प्रकरण वेगळं, ते वेगळं पाठवेन. एका पत्रात दोन दोष घातले की दोन्ही रेंगाळतात.

पहाटे दोनला लिनक्स करणाऱ्यांना पाठवायची सूचना लिहून झाली. आवृत्तीचा आकडा, फॉण्टचं नाव, करून पाहण्याच्या पायऱ्या, दोन ल शेजारीशेजारी दाखवणारं चित्र. ‘कृपया मराठीकडे लक्ष द्या’ हे वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. ल चं चित्र पुरेसं आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टीनंतर वाचनालय उघडलं. उत्तर आलंय. पलीकडच्या माणसाला देवनागरी वाचता येत नाही, हे त्यानं सरळ लिहिलंय. चित्रातला फरक त्याला दिसला. दोन प्रश्न विचारलेत: नेपाळी आणि कोकणी वाचकांचं काय? आणि दुरुस्ती बरोबर झाली हे ओळखायला कोणते शब्द पाहायचे?

पहिला प्रश्न मला सुचायला हवा होता. मी ‘देवनागरी म्हणजे मराठी’ असा अंदाज मागितला असता तर नेपाळी माणसाच्या पडद्यावर मीच परकं अक्षर बसवलं असतं. यादीचा उपाय त्यालाही लागू पडतो, तसं कळवलं.

दुसऱ्या प्रश्नासाठी आप्पांकडे गेले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर बोरूनं लिहावं तसं सावकाश लिहून दिलं: शाल, लेश, शिल्लक, कल्लोळ. “ल ला ल जोडला की खरी परीक्षा,” म्हणाले. कागदाचा फोटो काढून जोडला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दुरुस्ती येईल तेव्हा येईल. तोवर पँगोची ती ओळ मी एका यंत्रावर घातली आणि ग्रंथपालाला बाकीच्या पाचांवर घालायला शिकवली. त्यानं ती वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलीय.

दुपारी आप्पा आले. पडद्याजवळ वाकून पाहिलं. ल पाहिला, मग श. मग विचारलं, “हे अंकांच्या यादीचं काम अजून राहिलंय ना तुमचं?” आणि खुर्ची ओढून कळफलकासमोर बसले. र कुठाय, एवढंच त्यांनी विचारलं. मी दाखवलं, आणि शिफ्ट धरून ऱ सुद्धा.