काळ्या पट्ट्यांवरचा भूप

आमच्या घरच्या पेटीवर लहान मुलांना फक्त काळ्या पट्ट्यांची मुभा होती. आजोबा म्हणायचे, ‘‘काळ्यांवर काहीही बडव, कानाला वाईट लागायचं नाही.’’ ते खरंच होतं. काळी तीनला षड्ज धरला की चार, पाच आणि पुढच्या एक, दोन हे ओळीनं रे, ग, प, ध होतात. मध्यम नाही, निषाद नाही. भूपाचे सूर तयार. षड्ज सरकवला की त्याच पाच पट्ट्या वेगळंच बोलू लागतात. काळी एकवरून दुर्गा, दोनवरून धानी, चारवरून मधमाद सारंग आणि पाचवरून चक्क मालकंस! आजोबा हा खेळ पाहुण्यांना करून दाखवायचे आणि मालकंसापाशी आले की उगीचच डोळे मिटायचे.

पुढे क्लास लागला. ‘थाट कल्याण, जाती औडव-औडव, वादी गंधार, संवादी धैवत, समय रात्रीचा पहिला प्रहर’ हे पाढ्यासारखं पाठ झालं. कल्याण थाटाची ओळखच तीव्र मध्यम, आणि भूपात तर मध्यमच नाही. मग कल्याण कसला, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारायची सोय नव्हती. बाईंना विचारला, तर त्यांनी उत्तर म्हणून फक्त गाऊन दाखवलं: ग रे, सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग रे सा. सगळ्या वाटा गंधाराकडे येत होत्या आणि खाली मंद्र धैवतापर्यंत जाऊन परतत होत्या. ती चाल कल्याणाचीच होती. माझा आवाज वर रमायचा. मध्य सप्तकातल्या धैवतावर जरा रेंगाळलं, तिथूनच तार षड्जाला हात घातला, की बाई तानपुरा थांबवायच्या. ‘‘काय गं, उजाडलं का?’’

कारण तेच पाच सूर घेऊन धैवताला वादी केलं की देशकार होतो. थाट बिलावल, वेळ सकाळची, जीव उत्तरांगात आणि रिषभ अगदी दुबळा. पेटीच्या पट्ट्यांना यातलं काहीच कळत नाही. राग सुरांत नसून कुठे थांबायचं आणि कुठून निसटायचं यात असतो, हे मला भूपापेक्षा या देशकारानं जास्त शिकवलं.

सुगम संगीतात हे कुंपण बरंच सैल असतं. आकाशवाणी पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ला सुरू झालेल्या गीतरामायणातलं पहिलं गीत बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, भूपात बांधलं. ‘भाभी की चूड़ियाँ’मधलं (१९६१) ‘ज्योति कलश छलके’ही त्यांचंच. गाणं पहाटेचं, आणि ते भूप की देशकार यावर आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर चहाचे कप पालथे व्हायचे. मी भूपाच्या बाजूची. अजूनही.

किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकला आणि सोपा म्हणून पहिल्या वर्षी शिकवतात तो हा राग, यावरचा विश्वास उडाला. तीव्र मध्यमाची एक टिचकी मारून श्रोत्याला जागं करायची सोय इथे नाही. मिंडेत निषादाची छाया जरा दाट झाली की शुद्ध कल्याण दारात उभा. ताईंचा गंधार दर वेळी वेगळ्या दिशेनं यायचा, कधी पंचमावरून ओघळत, कधी रिषभाला हलकेच दाबून. ‘सहेला रे’ कितीही वेळा ऐकलं तरी तो पुढच्या खेपेला कुठून येईल याची माझी अटकळ फारशी बरोबर येत नाही.

आता सकाळच्या मैफली कमी झाल्या, तसा देशकारही कानावर कमी पडतो. कर्नाटक संगीतात याच सुरांचा मोहनम् आहे आणि त्याला वेळेचं बंधन नाही. तेव्हा रागसमय ही निव्वळ सवय आहे असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये कानात देशकार लावते. ठाणं येईपर्यंत धैवत पक्का बसलेला असतो, आणि बाहेर साडेसात वाजलेत हे मला त्या वेळी कुणीतरी सांगावं लागतं.