शाकारणी

कोकणात वैशाख अर्धा सरला की घरमालकाचं लक्ष आभाळाकडे कमी आणि आढ्याकडे जास्त जाऊ लागतं. झाडावर आंबे असतात, मुंबईकर पोराबाळांसकट येऊन घर भरून टाकतात, लग्नांची आमंत्रणं येऊन पडलेली असतात. पण डोक्यात हिशेब एकच. मृग लागणार सात-आठ जूनला, त्याच्या आत कौलं चाळून झाली पाहिजेत. पुढच्या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्याला घरात शिरायला बोटभर फट पुरते.

काम सुरू होतं ते छपरावर नव्हे, माळ्यावर. तेही भर दुपारी. ऊन डोक्यावर आलं की माळ्यावर चढायचं, दार ओढून घ्यायचं आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत गप्प बसायचं. मग छप्पर आपली दुखणी आपणच सांगू लागतं. इथे सुईच्या अग्राएवढा उजेड, तिथे नखाएवढी कोर. काचेच्या कौलातून उतरणारा झोत तेवढा सोडून द्यायचा, तो हक्काचा. बाकी जिथे जिथे उजेड दिसेल तिथल्या रिपेवर खडूने फुली मारायची. काही फटी मात्र लबाड असतात; त्यांतून पाणी येतं, पण उजेड येत नाही. त्यांच्यासाठी वाशांवरचे गेल्या पावसातले काळे ओघळ शोधावे लागतात. पाणी जिथे टपकतं तिथेच ते आत आलेलं असतं असं नाही. वाशाच्या पोटाखालून हात-दोन हात सरपटत येऊन मग ते नेमकं आपल्या उशाशी उतरतं. ओघळ धरून वर वर बोट नेलं की चोर सापडतो.

छपरावर चढायचं ते सकाळी, कौलं तापायच्या आत, आणि अनवाणी. "मधी पाय नको, रिपेवर ठेव," असं खालून शेजारचे आबा सांगत असतात. ते स्वतः वर येत नाहीत, पण खळ्यातून हलतही नाहीत. कोकणात कुठल्याही घरकामाला असा एक खालचा अध्यक्ष लाभतोच.

मंगलोरी कौल बदलणं हे एकदा हाताला समजलं की फार सोपं काम आहे. कौलाच्या पाठीमागे वरच्या कडेला खोंब असते, ती रिपेला अडकते. वरच्या ओळीतलं कौल जरा उचलून धरायचं, फुटकं कौल किंचित वर सरकवून खोंब सोडवायची आणि खाली ओढून घ्यायचं. नवं बसवताना हेच उलट. खिळा नाही, सिमेंट नाही. बसवण्याआधी मात्र बोटाच्या पेराने टकटक करून बघायचं. पक्क्या भाजणीचं, धड कौल खणखणतं. आत बारीक तडा असेल तर बद्द आवाज येतो. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो.

ही सोय काही आकाशातून पडली नाही. त्याआधी गावोगाव कुंभाराची नळीची कौलं होती, एक उताणं, एक पालथं अशी लावलेली. मांजर पळालं, माकड उतरलं की ती घसरायची, आणि दर वर्षी सगळं छप्परच परतावं लागायचं. 1865 साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला जेप्पू इथे, नेत्रावतीच्या काठी, साच्यातल्या कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत खाचेने अडकणारी ती कौलं किनाऱ्या-किनाऱ्याने आपल्याकडे आली आणि दर वर्षीची परतणी फुटकी कौलं बदलण्यावर आली. घरमालकाच्या हातून होईल एवढं काम त्याच्या हातात राहिलं, याचं मला जास्त मोल वाटतं. स्लॅब एकदा गळू लागला की मालक पाहुण्यासारखा बाजूला उभा राहतो. कुणीतरी येतो, काहीतरी फासतो, पैसे घेतो. पुढच्या आषाढात गळती दुसऱ्या कोपऱ्यात. स्लॅब आपल्याला आत घेतच नाही. कौलारू छपराचं तसं नाही. त्याचा कुठलाही तुकडा काढता येतो आणि काही न मोडता परत घालता येतो.

कौलं उतरलीच आहेत तर रिपा आणि वासेही बघून घ्यायचे. ऐन, किंजळ असेल तर फारशी काळजी नाही. पण मध्ये कुणीतरी घाईने हलकं लाकूड घातलेलं असतं, आणि वाळवीला ते आपल्याआधी सापडलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघावं. आत गेलं तर तो तुकडा कापून नवा जोडायचा. बाकीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल. हे तेल काळं, दाट आणि कडक. अंगाला लागलं तर फोड येतात, म्हणून आधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडून घ्यायचं. एवढं करूनही नखांच्या कडा पुढे बरेच दिवस काळ्या राहतात आणि लग्नाच्या पंगतीत वाढणारा आपल्या हातांकडे दोनदा बघतो.

खरी अडचण येते ती कौलांचीच. मंगलोरी म्हटलं तरी प्रत्येक कारखान्याची खाच निराळी. दुकानातलं नवं कौल जुन्या ओळीत बसतं, पण नीट अडकत नाही, आणि वाऱ्याचा पहिला झपाटा ते बरोबर ओळखतो. माकडांचा उपद्रव वाढल्यापासून लोक कंटाळून पत्रे घालू लागलेत. पत्र्याखाली श्रावणात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, पण गळत नाही हेही खरं. त्यामुळे गावात कुणाचं घर उतरवतायत, त्याच्या कौलांवर शिक्का कुठल्या कारखान्याचा आहे, याच्यावर आमच्यासारख्यांचा डोळा असतो. बातमी कळली की टेम्पो सांगायचा, चारचौघांच्या आधी पोचायचं, आणि अंगणात रचलेल्या ढिगापाशी बसून एकेक कौल वाजवायला लागायचं. खणखणलं ते टेम्पोत, बद्द वाजलं ते गडग्याच्या कडेला.