उसना आवाज

इलेक्ट्रिक गिटारचा अर्धाच आवाज गिटारमध्ये असतो, उरलेला ॲम्प्लिफायरमध्ये. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर कुवतीबाहेर भार टाकला की स्वर फाटू लागतो, आणि रॉक संगीताने त्या फाटण्यालाच सौंदर्य मानले. मात्र त्यासाठी तो मोठ्याने वाजवावा लागतो. माझ्या कळव्यातल्या घरात शेजारच्या कुकरच्या शिट्या मोजता येतात. तिथे हे अशक्यच. म्हणून माझ्याकडे आहे डिजिटल मॉडेलर: अनेक ॲम्प्लिफायरांचे वर्तन गणिताने उभे करून हेडफोनमध्ये ऐकवणारी पेटी. १९९८ साली आलेल्या लाइन सिक्सच्या ‘पॉड’ने हा प्रकार लोकप्रिय केला.

फेंडर, व्हॉक्स, मार्शल अशी नामावळी समोर असते. यातला माझा आवाज कोणता? सगळेच उसने, आणि तेही नकला. तरीही अस्सलतेच्या नावाने हळहळणे मला पटत नाही. खुद्द मार्शलचा पहिला ॲम्प्लिफायर १९६२च्या सुमारास लंडनमध्ये बांधला गेला, तो अमेरिकन फेंडर बेसमनच्या मंडलावरून. सुटे भाग मात्र इंग्लंडात मिळाले तसे घेतले. स्पीकर निराळे, त्यांची पेटी मागून बंद. त्यातून आवाज बदलला आणि पुढे तोच मूळ मानला गेला. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, तेव्हाही इथल्या भाषेने आणि रंगभूमीने असेच सुटे भाग पुरवले होते.

तेव्हा प्रश्न अस्सल-नकलीचा नसून मी त्यात काय बदलतो, हा आहे. मी तार ओढून यमन वाजवतो. मार्शल पूर्ण चढवला तर स्वर लांबतो, मींड टिकते; पण हलका आणि जोरकस आघात सारखेच ऐकू येतात, कणस्वराचा नाजूकपणा हरवतो. फेंडरच्या स्वच्छ आवाजात कण दिसतो, तर मींड पूर्ण होण्याआधीच स्वर विझतो. शेवटी व्हॉक्सची प्रतिकृती निवडली आणि ती फाटण्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवली. बोट हलके असेल तर स्वर निर्मळ, जोर दिला की किंचित खरखरीत. वरची धारही थोडी कमी केली. हेडफोनमध्ये ती कानाला टोचत होती.

हा आवाज आता मला परका वाटत नाही. पण तो अजून फक्त माझ्याच कानांत आहे. ‘झुंजारराव’ मराठी झाला तो प्रेक्षकांसमोर उभा राहिल्यावर; माझ्या व्हॉक्सला कळव्याची हवा अद्याप लागायची आहे.