नक्षीचें मोल

अमरकोशांत सर्पाचीं जीं अनेक नांवें दिलीं आहेत त्यांत ‘चक्षुःश्रवा’ हें एक आहे. डोळ्यांनीं ऐकतो तो चक्षुःश्रवा. सर्पास बाहेरून कान दिसत नाहीं, म्हणून प्राचीनांनीं त्याचें श्रवण डोळ्यांकडे सोंपविलें. परंतु कवटीच्या आंत सर्पालाही कान आहे, आणि ऐकण्याबरोबर देहाचा तोल सांभाळण्याचें कामही त्याच्याकडेच आहे. हा आंतरकर्ण जन्मतः बिघडलेला असला तर सर्पाची काय दशा होते, हें एका कौटुंबिक प्रश्नामुळें आम्हांस समजून घ्यावें लागलें.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू अमेरिकेंत वाढला आहे. त्यानें ‘बॉल पायथन’ जातीचा एक साप पाळला आहे. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील बिनविषारी अजगर. लांबी बहुधा तीन ते पांच फूट. भ्याला म्हणजे डोकें मध्यें घेऊन चेंडूसारखें वेटोळें करतो, म्हणून हें नांव. घरांतील स्त्रियांनीं प्रथम ‘शिव शिव’ म्हटलें. पण गडमुडशिंगीसारख्या उसाच्या गांवीं साप कोणास नवा नाहीं. उंदीर खाणारी धामण ही शेतकऱ्याची सोबतीण, हें येथें पोरही जाणतें. आम्हांस नवल वाटलें तें वेगळ्याच गोष्टीचें. चि. नातवानें पाठविलेल्या चित्रफितींत त्या सापाचें डोकें सारखें कांपत होतें, भक्ष्यावर झेप घेतांना नेम चुकत होता, आणि मधूनच मान पिळवटून हनुवटी आकाशाकडे जात होती. “आबा, हा वाणच असा असतो,” असें त्यानें लिहिलें. आणि यास मादी आणून पिलें काढावीं, तीं विकून शिक्षणास हातभार लावावा काय, असें विचारलें.

या वाणास ‘स्पायडर’ म्हणतात. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी असते. तीच त्याची किंमत. १९९९ सालीं आफ्रिकेंतून अमेरिकेंत आणलेल्या एका सापापासून हा वाण वाढविण्यांत आला. नक्षीबरोबर कंपही आला. कोणाचें डोकें किंचित् डोलतें, कोणास उलटें पडल्यावर सरळ होतां येत नाहीं; आणि कोणत्या पिलास किती त्रास होईल हें आईबापांवरून सांगतां येत नाहीं. २०२२ मध्यें जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं सूक्ष्म क्ष-किरणचित्रांनीं अशा सापांचे आंतरकर्ण तपासले. ज्या अर्धवर्तुळाकार नलिकांनीं मस्तकाचें फिरणें कळतें त्या, आणि ज्या इवल्याशा कोशानें वर-खालीं यांचें ज्ञान होतें तोही, विकृत घडणीचे आढळले.

कातडीची नक्षी आणि कान यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. पांढऱ्या शुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरी पुष्कळदां बहिऱ्या असतात, हें सर्वश्रुत आहे. रंग देणाऱ्या पेशी गर्भांत कातडीप्रमाणें आंतरकर्णांतही जातात. तेव्हां रंगाच्या बीजांत फेरफार झाला तर त्याचा धक्का कानासही बसूं शकतो.

आमच्या घरांतील एका वडीलधाऱ्यांनीं लागलीच सगोत्राचा दाखला दिला. मनूनेंही विवाहसंबंधांत वर्ज्य कुळें सांगतांना अपस्मारादि रोगांचीं कुळें गणलीं आहेत. परंतु हा दाखला येथें लागू पडत नाहीं. जवळच्या नात्यांतील संबंधानें दबलेले दोष वर येतात हें खरें. पण स्पायडरचें बीज दबून राहणारें नव्हेच. तें आई किंवा बाप यांपैकीं एकाकडून आलें तरी पुरतें, आणि सुमारें निम्म्या पिलांत उतरतें. मादी कितीही परकी व निरोगी आणली तरी जेथें नक्षी तेथें कंप. दोष गाळून रूप ठेवण्याची वाट आजवर कोणास सांपडलेली नाहीं.

ही केवळ पाश्चात्यांची हौस असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याकडील लोटन कबुतर किंचित् हलवून जमिनीवर ठेवलें कीं कोलांट्या घेत सुटतें. आईन-इ-अकबरींत त्याचा उल्लेख आहे. डार्विननें १८६८ च्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, त्यास उचलून शांत न केल्यास तें मरेपर्यंत लोळतें. पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ पाहून माणसें हंसलीं आहेत. आजही हौस सरहद्द मानीत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाजवळ बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडविलेले ९ बॉल पायथन व २ कॉर्न स्नेक सांपडले. आपल्याकडील नाग, धामण, अजगर पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें मज्जाव आहे. आणि २०२२ च्या दुरुस्तीनें बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांचीही नोंद करणें आवश्यक झालें आहे.

“मुलाच्या हौसेंत आपण कां पडावें? साप खातो, वाढतो, पिलेंही देतो,” असें आमच्या बंधूंचें म्हणणें. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. सापाचें दुःख मोजण्याचें माप आम्हांपाशीं नाहीं. परंतु ज्यास वर कोणतें व खालीं कोणतें हेंच उमगत नाहीं, त्याचें बरें चाललें आहे असें त्याच्या वतीनें म्हणण्याचा अधिकार, त्याच्या नक्षीचे पैसे घेणाऱ्यास तरी खास नाहीं. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनें २०१८ सालीं आपल्या मेळ्यांतून या वाणाची विक्री बंद केली, ती याच विचारानें.

आम्हीं नातवास लिहिलें: “बाळ, जो आहे त्यास टाकूं नकोस. उंच फांदीवर चढवूं नकोस, उगाच हाताळूं नकोस, भक्ष्य चिमट्यानें तोंडाजवळ धर. हे साप तीस वर्षेंही जगतात. तेवढें त्याचें करणें तुझ्याकडे लागलें. पण पिलें काढूं नकोस. शिक्षणास कमी पडेल तें आम्ही दोघे भाऊ पाहूं.”

पत्र धाडण्यापूर्वीं बंधूंस वाचून दाखविलें. शेवटच्या वाक्यावर ते थोडे थांबले, आणि मग त्यांनीं खालीं आपली सही केली.