निमिषाची फट

नागपूरच्या आमच्या महाविद्यालयात गुणांची एकच फाइल मी आणि सहकारी सरांनी एकाच वेळी उघडली. त्यांनी मागाहून जतन केली. मी भरलेले गुण नाहीसे झाले. एका विद्यार्थिनीचे वर्ष थोडक्यात वाचले.

"मावशी, लिनक्सच्या गाभ्यातही असंच घडत होतं," संगणक अभियंता असलेला भाचा म्हणाला. प्रत काढणे आणि तिच्यावर लिहिणे यांमधल्या निमिषात दुसऱ्या धाग्याने ती प्रत टाकून दिली, की लेखन थेट मूळ फाइलीवर उतरे. तेही केवळ वाचनाची मुभा असलेल्या! हा 'डर्टी काउ' दोष २०१६ साली दुरुस्त झाला. ११ वर्षांपूर्वीचा आपलाच प्रयत्न फसला होता, हे लिनस टॉरवाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या टिपणातच नोंदवले.

फाइल अन्यत्र उघडी असल्याची सूचना त्या दिवशी मलाही दिसली होती, हे मी सरांना अजून सांगितलेले नाही.